विश्लेषण : विंडोज १० निवृत्त, जुन्या संगणकातल्या मराठी दप्तराचे काय?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला दिला जाणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ मधल्या नव्या सुविधांची चर्चा त्यामुळे पुन्हा सुरू झाली. मात्र महाड-पोलादपूरच्या डोंगरात, शिवथर खोऱ्यासारख्या भागात, ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी किंवा झेरॉक्सच्या दुकानातला संगणक एकदा घेतला की बंद पडेपर्यंत वापरला जातो. अशा संगणकात वर्षानुवर्षे टाइप केलेला मराठी मजकूर साठलेला असतो. संगणक बदलताना तो वाचता येईल का, हा प्रश्न नव्या सुविधांइतकाच महत्त्वाचा आहे.

शिवथरचा लेखनाशी संबंध काय?

महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या पायथ्याशी कसबे शिवथर, कुंभे शिवथर ही गावे आहेत. जवळच शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी याच घळीत दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. विस्मरणात गेलेली ही जागा धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये शोधून काढली. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास ‘लेखनक्रियानिरूपण’ या नावाचा आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा सरळ असाव्यात, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण एकच कसे राहावे, याचे मार्गदर्शन त्यात आहे. त्यातली एक सूचना आजही उपयोगी पडावी अशी आहे. पानाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कालांतराने कागदाच्या कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. लिहिणाऱ्याने टिकवण्याचाही विचार आधीच करावा, हा त्यामागचा अर्थ. संगणकावर लिहिताना हीच काळजी अनेक वर्षे घेतली गेली नाही.

‘आधार थांबला’ म्हणजे काय?

विंडोज १० हे २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आले. आधार थांबला म्हणून ते बंद पडत नाही. संगणक सुरू होतो, छपाई होते, इंटरनेटही चालते. मात्र सुरक्षेतल्या नव्या त्रुटी सापडल्या, तर त्यांची दुरुस्ती आता आपोआप मिळत नाही. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा आधारही त्याच दिवशी संपला. विंडोजमधल्या डिफेंडर या अँटिव्हायरसला नवे व्हायरस ओळखण्याची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील. पण अँटिव्हायरस म्हणजे राखणदार. भिंतीला पडलेले भगदाड तो बुजवू शकत नाही.

हे भगदाड किती महागात पडते, याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्याने जगभरातील कंपन्यांचे संगणक ठप्प केले, तेव्हा उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. हा हल्ला ज्या मार्गांनी पसरला, त्यातला एक मार्ग विंडोजमधल्या एका त्रुटीचा होता. तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती.

घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव मुदत, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, जाहीर केली. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खाते लागते. संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवण्यास संमती दिली, तर शुल्क पडत नाही. ३० डॉलर भरण्याचाही पर्याय आहे. संस्थांसाठी पहिल्या वर्षाचा दर प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आहे आणि पुढे तो दरवर्षी दुप्पट होतो.

विंडोज ११ मध्ये नवे काय?

विंडोज ११ हे ऑक्टोबर २०२१ मध्ये आले. त्यानंतर दरवर्षी त्यात भर पडत गेली. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या सुविधांची जाहिरात सर्वाधिक होते, पण त्यांतल्या अनेक सुविधांना खास प्रोसेसर असलेले महागडे संगणक लागतात. गावातल्या कार्यालयाला उपयोगी पडतील अशा सुधारणा साध्या आहेत. नोटपॅडमध्ये लिहिलेला मजकूर ‘सेव्ह’ करायचा राहिला तरी पुढच्या वेळी तो तसाच समोर येतो. पावसाळ्यात वीज सतत ये-जा करणाऱ्या भागात याचे मोल कळते. फाइल एक्सप्लोररमध्ये ब्राउझरसारखे टॅब आले आहेत. एकाच पडद्यावर दोन-तीन खिडक्या नीट मांडून ठेवता येतात, त्यामुळे एकीकडे अर्ज आणि दुसरीकडे नोंदवही उघडून काम करता येते. दबलेल्या ‘रार’ आणि ‘सेव्हन-झिप’ फाइल उघडायला वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही.

एका बदलाबाबत सावध राहायला हवे. ‘२४एच२’ या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने संगणक नव्याने सुरू केला की पात्र संगणकांवर डिस्कचे कूटबद्धीकरण आपोआप होते. संगणक चोरीला गेला तर माहिती सुरक्षित राहते, हा त्याचा फायदा. पण दुरुस्तीच्या वेळी ४८ अंकी ‘रिकव्हरी की’ मागितली जाऊ शकते आणि ती त्या खात्यात साठलेली असते. कार्यालयाचा संगणक ऑपरेटरच्या खासगी खात्याने सुरू केला आणि पुढे तो काम सोडून गेला, तर दप्तराची किल्लीही त्याच्याबरोबर गेली असे समजावे.

जुन्या संगणकावर विंडोज ११ का चालत नाही?

४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी फारशा कठीण नाहीत. खरी अडचण ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा चिप आणि प्रोसेसरच्या पिढीची आहे. इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे लागतात. म्हणजे २०१७च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक बाद ठरतात. काही संगणकांत टीपीएमची सोय असते, पण ती बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. म्हणून संगणक भंगारात काढण्यापूर्वी मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन चालवून पाहावे. संगणक पात्र असेल तर विंडोज १० वरून ११ वर जाण्यासाठी पैसे पडत नाहीत.

मराठीसाठी काय सुधारले?

विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आहे. ‘मंगल’ हा फॉन्ट तेव्हाच आला. टाइप करणे मात्र इनस्क्रिप्ट कळफलक शिकलेल्यांनाच जमे. २०१९च्या मे महिन्यातील अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठीसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कळफलक आले. इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप केले की मराठी शब्द उमटतो. विंडोज ११ मध्ये ‘विंडोज’ आणि ‘एच’ या कळा एकत्र दाबल्या की बोलून मराठी लिहिता येते. त्यासाठी इंटरनेट लागते. ग्रामसभेचा ठराव वाचून दाखवला आणि तो टाइप झाला, हे आता शक्य आहे. अर्थात गावांची नावे, आडनावे आणि क्षेत्राचे आकडे डोळ्यांखालून घालावेच लागतात.

नव्या संगणकावर एक गोष्ट गोंधळात टाकते. ‘मंगल’ फॉन्ट आता सुरुवातीपासून बसवलेला नसतो; देवनागरीसाठी ‘निर्मला’ हा फॉन्ट असतो. त्यामुळे ‘मंगल’मध्ये केलेल्या पत्राची पाने हलतात, तक्ते पुढच्या पानावर जातात. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की ‘मंगल’ परत येतो. हा दोष फक्त मांडणीचा. मजकूर सुरक्षित असतो, कारण तो युनिकोडमध्ये आहे.

मग धोका कोणत्या फाइलना?

युनिकोड रुळण्याआधी मराठी टंकलेखन सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरवर होत असे. त्या काळात याच साधनांनी मराठीला संगणकावर आणले. पण त्यांतल्या अनेक फॉन्टची पद्धत अशी होती, की इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचाच असतो. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते. फॉन्ट गेला की समोर निरर्थक चिन्हांची रांग उभी राहते.

इथे विंडोज ११ चा आणखी एक बदल आडवा येतो. ते फक्त ६४ बिटमध्ये मिळते. ३२ बिटची आवृत्ती विंडोज १० बरोबरच संपली. ३२ बिटची बहुतेक साधी सॉफ्टवेअर चालतात, पण त्याहून जुनी १६ बिटची चालत नाहीत. ३२ बिट ड्रायव्हरवर अवलंबून असलेली परवान्याची डोंगलही चालत नाहीत. म्हणजे जुने सॉफ्टवेअर, त्याचे डोंगल आणि त्यातला मजकूर हे तिन्ही जुन्या संगणकात अडकलेले असू शकतात. सातबारा, फेरफार यांसारख्या नोंदी सरकारी सर्व्हरवर आहेत, त्यांना हा धोका नाही. धोका आहे तो स्थानिक संगणकात टाइप केलेल्या ठरावांना, कर आकारणीच्या याद्यांना, पाणीपुरवठ्याच्या नोंदींना, शाळेच्या पत्रव्यवहाराला, गावाने जमवलेल्या इतिहासाला.

रूपांतर करताना अडचण कुठे येते?

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने उपलब्ध आहेत. प्रत्येक फॉन्टची अक्षरांची मांडणी वेगळी असल्याने आपला फॉन्ट नेमका कोणता, हे आधी ठाऊक असावे लागते. त्यानंतरही काही चुका हमखास होतात. ‘शिवथर’ हाच शब्द घेऊ. जुन्या फॉन्टमध्ये तो जसा दिसतो तसा साठतो: आधी ऱ्हस्व वेलांटी, मग ‘श’. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने आधी ‘श’ आणि मग वेलांटी. रफाराचे याच्या उलट आहे. रूपांतर करणाऱ्या साधनाने हा क्रम बदलला नाही, तर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते.

दुसरी अडचण खास मराठीची आहे. डोंगरातल्या दऱ्या वेगळ्या आणि कोकणचा दर्या वेगळा. फरक एवढ्याशा ‘ऱ’चा. हा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. दोन्ही प्रकार डोळ्यांना सारखेच दिसतात, पण संगणकाला ते वेगळे वाटू शकतात. त्यामुळे ‘शेतकऱ्यांची यादी’ शोधली तर फाइल असूनही सापडत नाही. ‘ॲ’ हे अक्षरही युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आले. त्याआधीच्या मजकुरात ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेले आढळते. म्हणून रूपांतरानंतर मराठी जाणणाऱ्या माणसाने मूळ कागद शेजारी ठेवून तपासणी करणे याला पर्याय नाही.

लिनक्सचा पर्याय कितपत व्यवहार्य?

विंडोज ११ साठी बाद ठरलेला संगणक लिनक्सवर अनेक वर्षे चालू शकतो. उबुंटू, लिनक्स मिंट आणि सी-डॅकने भारतीय भाषांसाठी तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली मोफत आहेत. युनिकोड मराठी, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक टंकलेखन त्यांवर होते. केरळने शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले आहे. शाळेतल्या संगणक कक्षासाठी हा मार्ग चांगला आहे. ग्रामपंचायतीचे मात्र वेगळे. ई-ग्रामस्वराजवरून देयके देण्यासाठी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची डिजिटल स्वाक्षरी लागते. त्या स्वाक्षरीचे टोकन, प्रिंटर आणि बोटांचे ठसे घेणारे यंत्र लिनक्सवर चालते का, हे आधी तपासूनच निर्णय घ्यावा लागेल.

आता काय करावे?

जुना संगणक बंद पडण्याआधी, त्याच्यावरच काही कामे उरकायला हवीत. जुन्या फॉन्टमधली प्रत्येक महत्त्वाची फाइल त्याच संगणकावर उघडून, फॉन्ट अंतर्भूत करून पीडीएफ करावी. अशा पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, पण मजकूर डोळ्यांनी वाचता येतो. त्यानंतर सवडीने युनिकोड रूपांतर करावे. फॉन्टच्या फाइल आणि सॉफ्टवेअरची मूळ सीडीही जपून ठेवावी. जुना संगणक केवळ फाइल वाचण्यापुरता ठेवायचा असेल, तर त्याचे इंटरनेट काढून टाकावे. नवा संगणक संस्थेच्या नावाच्या खात्याने सुरू करावा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून कुलपात ठेवावी.

प्रती किमान दोन असाव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या जागी असावी. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारी नद्यांच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवसांत तळियेची दरड कोसळली. अशा तालुक्यात तळमजल्यावरच्या एका कपाटात किंवा एका डिस्कमध्ये दप्तर ठेवणे धोक्याचे आहे.

डोमगावच्या मठातील दासबोधाची प्रत कल्याणस्वामींच्या हातची मानली जाते. ती वाचायला लिपी आली की पुरे. वीस वर्षांपूर्वी टाइप केलेला ग्रामसभेचा ठराव वाचायला मात्र लिपीबरोबर तो फॉन्ट, ते सॉफ्टवेअर, ते डोंगल आणि तो संगणकही लागतो. यांतला संगणक अजून चालतो आहे, तोवरच हे काम सोपे आहे.