सुरमा, फेशियल आणि सहरीचा तवा

मागच्या आठवड्यात तरावीहची नमाज आटोपून मी जुन्या शहरातल्या आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये गेलो. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते आणि बाहेरच्या बाकावर सात-आठ पोरे नंबर लावून बसली होती. दुकानदार नाभिक समाजाचे. त्यांचे वडील माझ्या वडिलांची हजामत करत. मला पाहताच म्हणाले, "बसा न सर, पण नंबर लागते. ईदले अजून बारा दिवस हायेत, पण पोट्टे आतापासूनच फेशियल कराले येऊन रायले."

आत डोकावलो तर तिसऱ्या खुर्चीवर चेहऱ्याला पांढरा लेप थापून डोळे मिटून बसलेला पोरगा माझाच. वय एकोणीस. मी चारचौघांत बोललो, "ये क्या औरतों के काम लगा रखे हैं?" त्याने डोळेही उघडले नाहीत. लेपाखालून म्हणाला, "अब्बू, दादा की सुरमेदानी भूल गए क्या?"

बाक हसला. मी हसण्यावारी नेले, पण घरी जाईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेले नाही.

माझे वडील उर्दू प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आवाज असा की वर्गाबाहेरची पोरेही गप्प व्हायची. याच माणसाच्या कोनाड्यात पितळेची सुरमेदानी, चमेलीच्या तेलाची बाटली, शिंगाचा कंगवा आणि अत्तराच्या तीन-चार इवल्या कुप्या असत. गुरुवारी संध्याकाळी ते दाढीला मेंदी लावून अंगणात बसत. शुक्रवारी जुम्याला निघताना डोळ्यांत सुरमा, कानाच्या पाळीत अत्तराचा फाया. ते गल्लीतून गेले की मागे पाच मिनिटे खस दरवळायचा. त्यांच्या पुरुषपणाबद्दल शंका घेण्याची हिंमत गल्लीत कोणाची नव्हती, आणि कोणाच्या मनातही ती आली नसावी.

ही रीत काही एकट्या आमच्या घरची नव्हती. ज्याला केस आहेत त्याने त्यांची निगा राखावी, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. ईदच्या सकाळी गुस्ल करणे, असतील त्यातले चांगले कपडे घालणे, खुशबू लावणे हे पुण्याचे मानले जाते. रेशीम आणि सोने मात्र पुरुषांना वर्ज्य. बिगरमुस्लिम मित्र दरवर्षी विचारतात म्हणून सांगून टाकतो: रोज्यात केस कापल्याने किंवा दाढी केल्याने रोजा तुटत नाही, अत्तरानेही नाही. वाफ किंवा धूर मुद्दाम आत ओढला तर तुटतो, असे उलेमा सांगतात. म्हणूनच फेशियलची गर्दी इफ्तारनंतर होते.

हिंदू घरांतले आजोबा तरी कुठे कमी होते? पेशवाईतली भिकबाळी पुरुषाच्याच कानात असायची. फेटा बांधायला अर्धा तास लागायचा, मिशीला पीळ देणे हा रोजचा विधी होता. कपाळावरचा अष्टगंधही नीट जमला नाही तर पुसून पुन्हा लावला जाई. कनौजचे अत्तर देग-भपक्यातून निघते. तांब्याच्या देगेत फुले उकळायची आणि त्यांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवायची. ते विकत घेणारे गिऱ्हाईक पिढ्यान्‌पिढ्या पुरुषही होते. मग 'नटणे हे बायकांचे काम' हे माझ्या तोंडात आले कुठून?

मी आठवून पाहिले. कॉलेजात आमच्या वर्गात एक मुलगा होता. उन्हाळ्यात तोंडाला पावडर लावून यायचा, रुमालाची घडी नीट असायची. त्याला आम्ही सगळे 'मॅडम' म्हणत असू. सगळे म्हणजे मीही. एकदा त्याने डबा उघडला आणि कोणीतरी "मॅडम, आम्हाला वाढा" म्हणाले. तो डबा बंद करून निघून गेला. नंतर त्याने बाक बदलला आणि वर्ष संपेपर्यंत एकटाच जेवला. आज मी शिक्षक आहे आणि वर्गात असे काही दिसले की ओरडतो. तेव्हा मात्र हसलो होतो.

गंमत अशी की तीच पिढी सिनेमाच्या मागे डोळे मिटून धावत होती. २००३ मध्ये 'तेरे नाम' आला आणि अकोल्यातल्या निम्म्या पोरांनी मधोमध भांग पाडला. ते नटणे नव्हते, ती 'स्टाइल' होती. २००५ मध्ये खास पुरुषांसाठी गोरे होण्याची क्रीम बाजारात आली. त्याच वर्षी शाहरुख खान गुलाबाच्या पाकळ्या पसरलेल्या टबात बसून साबणाची जाहिरात करताना दिसला. टपरीवर त्या जाहिरातीची टिंगल झाली. क्रीमची मात्र कोणी केली नाही. ती गुपचूप विकत घेतली गेली.

त्या गुपचूपपणाची किंमत मी एका विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट, रमजान ऐन उन्हाळ्यात होता तेव्हाची. अकोल्याचे ऊन काय असते ते वाचकांना सांगायला नको. हा मुलगा तोंडाला रुमाल बांधून येई आणि मागच्या बाकावर बसे. मला वाटले, रोज्याचे निमित्त करून झोपा काढतो. एकदा रुमाल काढायला लावला. गाल लालभडक, कातडी पातळ झालेली, आतल्या शिरा दिसत होत्या, हनुवटीवर पुरळ. बहिणीच्या लग्नात पाहुण्यांनी 'काला दूल्हा' म्हणून चिडवले होते. मित्राने एक मलम सुचवले आणि हा सात महिने ते लावत राहिला. लावणे थांबवले की आग व्हायची, म्हणून पुन्हा लावायचा.

त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब पाहताच सांगितले, स्टेरॉइड. खाजेवर थोडे दिवस, डॉक्टरच्या देखरेखीखाली लावायचे औषध गोरेपणासाठी वापरले की चेहऱ्याचे असे हाल होतात. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी नुसते नाव सांगून ट्यूब मागणारी पोरे दिसतात. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीचेही तसेच. खरी मेंदी काळी रंगत नाही. काळेपणा पीपीडी नावाच्या रसायनाचा असतो आणि त्याने कोणाकोणाच्या कातडीवर फोड येतात. आणि वडिलांच्या कोनाड्याची एवढी आठवण काढली, तर हेही सांगायला हवे की जुना सुरमा शिशाच्या खनिजाचा असे. लहान मुलांच्या डोळ्यांत तो घालू नये.

तो मुलगा बरा झाला, पण बरेच महिने गेले. दवाखान्यातून परतताना म्हणाला, "सर, लड़की होता तो अम्मी पहले दिन पूछ लेती के मुँह पे क्या हुआ." सात महिने घरात कोणी विचारले नव्हते. मीही वर्गात रुमाल पाहून आळशीच ठरवला होता.

सलूनमध्ये माझा नंबर यायला पाऊण तास लागला. भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर आहे. चार दुकाने सोडून पुढचे सलून एका सलमानी कुटुंबाचे. ते आपले नाते हजरत सलमान फारसींशी सांगतात. चांदरातीला दोन्ही दुकाने पहाटेपर्यंत उघडी असतात, आणि एकाकडे ब्लेड संपले की दुसऱ्याकडून येते. या व्यवसायाच्या इतिहासातली एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगतो. १८९० च्या सुमारास सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी संप केला: विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही. पोट ज्या वस्तऱ्यावर, तोच त्यांनी खाली ठेवला. मर्दपणावर निबंध लिहायला सांगितला की पोरे तलवार आणि घोडा लिहितात. हा संप अजून एकाही वहीत आलेला नाही.

घरी परतलो तेव्हा बायको डाळ भिजत घालत होती. ती पहाटे चारला उठते. लग्नाला बावीस वर्षे झाली, म्हणजे बावीस रमजान. आम्ही बाप-लेक तवा तापल्यावर उठतो. मागच्या साली ती टायफॉइडने पडली आणि दहा दिवस सहरी मी केली. पहिल्या दिवशी कणीक मळायला बसण्याआधी मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. समोरच्यांना दिसू नये म्हणून. पैगंबर साहेब घरकामात हात लावत, आपली चप्पल स्वतः शिवत, हे मी सीरतच्या जलशात कितीदा तरी सांगितले आहे. टाळ्याही घेतल्या आहेत.

मुलगा नंतर आला, गाल चकाकत होते. मी म्हटले, "किती दिले?" "साडेतीनशे." मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने म्हटले, "दादांच्या सुरमेदानीचे बरोबर बोललास. पण दादांनी कधी रोटी लाटली नाही. मीही दहाच दिवस लाटली. तू किती दिवस?"

तो मोबाइलमध्ये बघत राहिला. मला वाटले, विषय संपला.

पहाटे पावणेचारला भांड्यांचा आवाज आला. तो परातीपुढे उभा होता, कोपरापर्यंत पीठ. म्हणाला, "अब्बू, पानी कितना डालते हैं?" मी ग्लासभर सांगितले. कणीक पातळ झाली. शेवटी बायकोला उठवावेच लागले. तिने आणखी दोन मुठी पीठ घातले आणि आम्हा दोघांनाही बाजूला न करता पाट काढून बसली.