कोरड्या रानातले सूत्रकृमी

सन २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा दुष्काळात निदान रानातली कीड तरी मेली असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण सगळी मरत नाही.

गांडूळ कातडीने श्वास घेते. अंग वाळले की ते गुदमरते. म्हणून काळ्या रानाला भेगा पडू लागल्या की ते खोल जाऊन पडून राहते.

सूत्रकृमींची तऱ्हा वेगळी. आपल्या पोटातल्या जंतांचेच हे भाऊबंद, पण बहुतेक इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर असतो, त्यातच ते हिंडतात. थर आटला की जागीच थांबतात. माती हळूहळू वाळली तर त्यांच्या कित्येक जाती वेटोळे करतात, अंगातले जवळजवळ सगळे पाणी सोडतात, खाणेपिणे बंद. कचेरीतल्या बासनात बांधलेल्या फायलीसारखे! १७४३ साली जॉन नीडहॅम या इंग्रज संशोधकाने गव्हाचे रोगट, वाळके दाणे पाण्यात भिजवले, तेव्हा आतले धागे वळवळू लागले.

सगळेच सूत्रकृमी वैरी नव्हेत. पुष्कळसे जिवाणू, बुरशी खाऊन जमिनीतले नत्र पिकाला मोकळे करतात. वैरी तो मुळांवर गाठी करणारा. वांगी, टोमॅटो, भेंडी त्याला फार आवडतात. त्याची अंडी चिकट आवरणात असल्यामुळे कोरड्यातही काही काळ तगतात. झाड दुपारी मान टाकते, आपण म्हणतो पाणी कमी पडले. तेव्हा एक झाड उपटून मूळ पाहा. सोयाबीन, हरभऱ्याच्या मुळांवर असतात त्या गाठी उपयोगाच्या; बोटाने सहज निघतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे सुजलेले मूळच, ती निघत नाही.

या किड्याला एकाएकी वाळणे सोसत नाही. उन्हाळ्यात नांगरून माती उलटी केली की ती भराभर तापते, वाळते आणि त्याची अंडी-पिल्ले मरतात. मात्र हाच मार गांडुळालाही बसतो. म्हणून गाठी दिसल्या तेवढाच तुकडा उलटावा, बाकी रानावर काडीकचरा पसरलेला राहू द्यावा. तो जाळू नये. घरामागे दोन-चार वाफेच असतील तर ट्रॅक्टरचे भाडे कशाला? कुदळीने काम होते. पुढच्या हंगामात त्या वाफ्यांत झेंडू लावावा, त्याच्या मुळांपुढे हा किडा टिकत नाही, आणि दसऱ्याला फुलांचे चार पैसेही होतात.