ओपलच्या आतली आखीव वाट

ओपल हातात फिरवला की हिरवा, निळा, मध्येच तांबूस असे रंग पालटत जातात, पण त्यात रंगद्रव्य नसते. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जे. व्ही. सँडर्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने त्याचे कारण दाखवले. सिलिकाचे एकसारखे सूक्ष्म गोळे हातगाडीवर रचलेल्या मोसंब्यांसारखे थरावर थर बसलेले असतात. त्यांच्यातले अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासचे असल्याने ठरावीक रंगच परत फिरतो.

१९८७ मध्ये एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे पुढचा विचार मांडला. ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाला कुठल्याच दिशेने शिरकाव नाही, असा स्फटिक करता आला तर? त्यात मुद्दाम एक वाट सोडली की प्रकाशाला त्या वाटेनेच जावे लागेल. काचतंतू फार तीव्र वाकवला तर त्यातून प्रकाश निसटतो. इथे काटकोनातले वळणही जमायला हवे, कारण वाटेबाहेर त्याला थारा नाही.

असा स्फटिक स्वतःहून जमतो, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण वाटते. गोळे मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये काचेची पट्टी उभी ठेवायची. द्रव उडत जातो तशी त्याची कड पट्टीवरून खाली सरकते आणि मागे गोळ्यांचे थर लावत जाते. दूरसंचारात वापरल्या जाणाऱ्या दीड मायक्रॉनच्या प्रकाशासाठी मात्र गोळे जवळजवळ एक मायक्रॉनचे लागतात आणि ते तळाशी बसतात. प्रिन्स्टनच्या एनईसी प्रयोगशाळेत द्रव तळाकडून तापवून त्यांना तरंगत ठेवले गेले. त्या गटाचे सिलिकॉनचे स्फटिक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

सिलिकॉन कशाला? सिलिका आणि हवा यांच्या अपवर्तनांकांतला फरक तोकडा पडतो. म्हणून फटींत सिलिकॉन भरून सिलिका विरघळवतात. गोळ्यांच्या जागी पोकळ्या उरतात. २००० मध्ये माद्रिद आणि टोरांटोच्या संशोधकांनी अशा उलट्या ओपलमध्ये १.४६ मायक्रॉनच्या आसपास सर्व दिशांनी बंद असलेला तरंगलांबींचा पट्टा मिळवला. त्याची रुंदी जेमतेम पाच टक्के होती.

वाट आखण्याचे काम इलिनॉय विद्यापीठात पॉल ब्राउन यांच्या गटाने तडीस नेले. सिलिकाच्या ओपलमध्ये आधी द्रव मोनोमर भिजू द्यायचा. त्याचा अपवर्तनांक सिलिकाच्या जवळचा असल्याने दुधाळ ओपल पारदर्शक होतो आणि लेसरचा झोत आत विखुरत नाही. पॉलिमर बनण्याची क्रिया दोन फोटॉन एकाच वेळी शोषले गेले तरच सुरू होते. एवढी तीव्रता फक्त झोताच्या केंद्रबिंदूत असते. बिंदू जसा फिरवावा तशी आत घट्ट रेघ उमटते. उरलेला द्रव धुऊन सिलिकॉन भरायचे, मग सिलिका काढून टाकायची. २००८ मध्ये या गटाने सर्व दिशांनी बंद असलेल्या स्फटिकात अवरक्त प्रकाश तीव्र वळणावरून नेऊन दाखवला.

रेघ किती रुंद आणि कुठल्या थरात असावी, यावर सारे अवलंबून असते. रुंद वाटेत प्रकाशाचे अनेक आकृतिबंध एकदम शिरतात. शिवाय वाळताना पडणाऱ्या भेगा, निसटलेला एखादा गोळा किंवा चुकीच्या जागी बसलेला थर यांतूनही न आखलेल्या वाटा तयार होतात, आणि पाच टक्क्यांचा पट्टा थोड्याशा विस्कळीतपणानेही मिटू शकतो. म्हणून रेघ आखण्याआधी सूक्ष्मदर्शकातून सलग, निर्दोष भाग हुडकावा लागतो, आणि मग तिथल्या गोळ्यांच्या ओळी पाहून लेसरची दिशा ठरवावी लागते.