पिंजरा रिकामा का राहतो?
घरातल्या उंदराच्या चातुर्यामागचे शास्त्र

रात्री घरातील दिवे मालवले, की स्वयंपाकघरातून हळूच खुडबुड ऐकू येऊ लागते. सकाळी पाहावे तर बटाटा कुरतडलेला, साबणाच्या वडीवर दातांच्या खुणा आणि ओट्यामागे काळ्या लेंड्या. आईने लावलेला पिंजरा मात्र रिकामाच! गणरायाच्या पायाशी बसलेला मूषक मुलांना आवडतो. पण घरात शिरलेला उंदीर मोठ्यांनाही चकवतो, तो कशाच्या बळावर?

सगळेच उंदीर सारखे नव्हेत

शहरात प्रामुख्याने चार प्रकारचे उंदीर आढळतात. सडपातळ, लांब शेपटीचा काळा उंदीर पाइप आणि तारांवरून सहज चढतो व माळ्यावर राहतो. जाडजूड तपकिरी उंदीर गटारांच्या आसपास वावरतो आणि उत्तम पोहतो. घूस जमिनीत बिळे खणते, त्यामुळे पदपथ व भिंतींचा पाया पोकळ होतो. चौथा म्हणजे कपाटात किंवा पुस्तकांमागे दडणारा पिटुकला उंदीर. लांबट नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री मात्र उंदीर नव्हेच. ती कीटक खाणाऱ्या प्राण्यांच्या कुळातील असून झुरळेही फस्त करते.

कुरतडण्याची सक्ती

उंदराचे पुढचे चार दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजले नाहीत, तर इतके लांब होतील की त्याला खाणेही अशक्य होईल. या दातांवर फक्त पुढच्या बाजूला कठीण कवच असते. मागची बाजू लवकर झिजते आणि दाताला सुताराच्या पटाशीसारखी धार राहते. म्हणूनच लाकूड, प्लास्टिक, विजेच्या तारांचे वेष्टण, इतकेच काय शिशाचा नळही त्याच्या तावडीतून सुटत नाही.

उंदराची दृष्टी अधू असते. ती उणीव मिशा भरून काढतात. अंधारात त्या सेकंदाला अनेक वेळा पुढेमागे हलवून तो वाट चाचपतो. भिंतीला अंग घासून जाण्याची सवयही त्यातूनच आली आहे. माणसाला ऐकू न येणाऱ्या अतिउच्च स्वरात उंदीर एकमेकांशी बोलतात. धोक्याच्या इशाऱ्याचा सूर वेगळा आणि खेळताना काढलेला आनंदाचा सूर वेगळा!

संशयी, पण मायाळू

उंदराला उलटी करता येत नाही. विषारी पदार्थ एकदा पोटात गेला, की तो बाहेर टाकण्याचा मार्ग नाही. त्यामुळे अनोळखी वस्तूपासून तो दूर राहतो आणि नवे खाद्य आधी चिमूटभर चाखतो. शिवाय सोबत्याच्या श्वासाचा वास घेऊन त्याने काय खाल्ले, हे तो ओळखतो व तेच अन्न सुरक्षित मानतो. नवाकोरा पिंजरा रिकामा राहतो तो यामुळेच. आमिष ठेवून पिंजरा काही दिवस नुसताच उघडा ठेवावा, उंदराला त्याची सवय होऊ द्यावी आणि मगच खटका लावावा, असे जाणकार सांगतात. रक्त गोठू न देणारी विषे काही दिवसांनी परिणाम करतात, तेही याच कारणाने. खाणे आणि मरण यांचा संबंध इतर उंदरांच्या ध्यानात येत नाही.

अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांनी कोंडलेल्या सोबत्याला दार उघडून सोडवले. शेजारीच चॉकलेट ठेवले, तेव्हाही अनेकांनी सोबत्याला मुक्त केले आणि खाऊत वाटेकरी करून घेतले.

धोका खरा आहे

इतका हुशार असला, तरी उंदीर घरात नकोच. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रुग्ण ओळखला तो मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. आज मोठी भीती आहे ती लेप्टोस्पायरोसिसची. उंदरांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने ही साथ अनुभवली. म्हणून पावसाळ्यात मुलांनी साचलेल्या पाण्यात खेळू नये. त्या पाण्यातून चालावेच लागले, तर पाय साबणाने धुवावेत आणि ताप आल्यास तातडीने डॉक्टरांना दाखवावे. मेलेल्या उंदराला किंवा विषाच्या गोळ्यांना हात लावू नये.

मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा ते दहा पिल्ले देते. तीच पिल्ले दोन-तीन महिन्यांत प्रजननक्षम होतात. दहा उंदीर मारले, तरी अन्न शिल्लक असेल तर रिकामी जागा लवकरच भरते. म्हणून खरा उपाय पिंजऱ्यात नसून कचऱ्याच्या डब्यात आहे. रात्री खरकटे झाकून ठेवावे, धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे, भिंतीतील भोके सिमेंटने बुजवावीत. खायला मिळाले नाही, की हा चतुर पाहुणा आपण होऊनच दुसरे घर शोधतो.