बेंजो नव्हे, बँजो!

बेंजो म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गणपतीची मिरवणूक आणि लग्नाची वरात! गिरगावापासून गोंदियापर्यंत आपण ज्याला बेंजो म्हणतो, ते बटणं दाबून वाजवायचं वाद्य म्हणजे खरं तर बुलबुल तरंग. अमेरिकेतला बँजो वेगळा. पाच तारा, लांब दांडी आणि डफासारखं ताणलेलं गोल तोंड. त्याचा सूर टणकन उमटतो आणि लगेच विरतो. म्हणून वादक तीन बोटांनी सुरांची नुसती झड लावतो. १९४० च्या दशकात आकाराला आलेल्या ब्लूग्रास या ग्रामीण अमेरिकन संगीताची ही ओळखच!

न्यूयॉर्कच्या बेला फ्लेकनं हा गावरान बँजो थेट जॅझमध्ये नेऊन बसवला. १९८८ मध्ये त्यानं ‘फ्लेकटोन्स’ हा बँड काढला, तोही याच मिश्रणासाठी. पण आपल्यासाठी खरी मेजवानी आहे ती त्याच्या दुसऱ्या चौकडीत. डबल बासवर एडगर मेयर, बासरीवर राकेश चौरसिया आणि तबल्यावर आपले माहीमचे उस्ताद झाकीर हुसेन! २०२३ चा त्यांचा ‘अ‍ॅज वी स्पीक’ हा अल्बम ऐकाच. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना दोन ग्रॅमी मिळाली. एक या अल्बमला, दुसरं त्यातल्या ‘पश्तो’ला.

फ्यूजन म्हटलं की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. साहजिकच आहे, बऱ्याचदा नुसती भेळ होते. इथे तसं नाही. ब्लूग्रासमध्ये वादक आळीपाळीनं पुढे येतात, जॅझमध्येही तेच. आणि आपली सवाल-जवाबाची जुगलबंदी तरी वेगळं काय करते? बँजोचा सूर तुटतो, तिथे बासरी लांब श्वास घेते. बास खालून खर्ज धरतो. तबला सगळ्यांना समेवर आणतो. कुणीच कुणाला झाकत नाही. टीमवर्कवरच्या दहा प्रेझेंटेशन्सपेक्षा हे भारी!

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेले. ही चौकडी आता तशी स्टेजवर दिसणार नाही. म्हणूनच हा अल्बम मेल बघता बघता मागे वाजत ठेवू नका. वीकएंडला हेडफोन लावा, एकदा फक्त बँजोचा पाठलाग करा आणि दुसऱ्यांदा फक्त तबल्याचा. तिसऱ्यांदा चौघं एकमेकांचं किती ऐकतात, ते ऐका. मजा तिथेच आहे!