भाजलेलें अन्न, आंतडीं व शेतकरी

मुंबईच्या उपनगरांत ज्यांचें जाणेंयेणें असे, त्यांस विलेपार्लें स्टेशन जवळ येतांच आगगाडीच्या डब्यांत शिरणारा बिस्किटांचा खमंग वास आठवत असेल. पार्ले कंपनीचा तो कारखाना १९२९ सालीं निघाला व २०१६ सालीं बंद झाला. असा वास कशानें येतो, याचें मूळ लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १९१२ सालीं दाखविलें. प्रथिनांचे घटक व साखर यांस कडक आंच लागली म्हणजे त्यांचा संयोग होऊन तांबूस रंग व सुवास उत्पन्न होतात. थालिपिठाची भाजणी घ्या कीं बेकरींतील टोस्ट घ्या, क्रिया एकच.

हा तांबूस भाग लहान आंतड्यांत पुरता पचत नाहीं. तो मोठ्या आंतड्यांत उतरतो व तेथील सूक्ष्म जंतू त्यांतील कांहीं अंश आंबवितात. कोंड्याचें होतें तसेंच कांहींसें. तेव्हां भाजलें म्हणजे बाधलें, असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. मात्र अति भाजल्यानें लायसीन हा घटक जखडला जाऊन अंगीं लागत नाहीं. आणि गहूं व ज्वारी यांत तो आधींच तोकडा असतो.

याहून गंभीर गोष्ट अ‍ॅक्रिलामाइड या द्रव्याची. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९४ सालीं त्याची गणना ‘माणसांत बहुधा कर्करोगकारक’ या वर्गांत केली. पुढें २००२ सालीं स्वीडनमधील शास्त्रज्ञांस तेंच द्रव्य तळलेल्या बटाट्यांत व भाजलेल्या पिठाच्या जिनसांत आढळलें. आंतड्यांतून तें रक्तांत शोषलें जातें. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यानें गांठी झाल्या. माणसांच्या आहाराच्या पाहणींत आंतड्यांच्या कर्करोगाशीं त्याचा संबंध सिद्ध झालेला नाहीं. घाबरूं नये, पण तें कमी करणें साधत असेल तर कां करूं नये?

आणि तें बरेंचसें शेतकऱ्याच्या हातीं आहे. अंधेरी-बोरिवलीकडे वेफर्सच्या कढया दिवसभर चालतात. बटाटा फार थंड कोठारांत, म्हणजे सुमारें ६ अंशांखालीं, ठेविला कीं त्यांतील पिठाची साखर होऊं लागते. असा बटाटा उकडून खाण्यास हरकत नाहीं; तळला तर काळवंडतो व अ‍ॅक्रिलामाइड वाढतें. म्हणून वेफर्ससाठींचा माल १० ते १२ अंशांवर ठेवितात. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनें १९९८ सालीं ‘कुफरी चिप्सोना’ या जाती दिल्या, त्या याच कामाच्या. त्यांत साखर कमी असते.

गव्हाची गोष्ट त्याहून चमत्कारिक. अ‍ॅक्रिलामाइड ज्यापासून होतें तें अ‍ॅस्परॅजीन, जमिनींत गंधक उणें असल्यास, दाण्यांत कित्येक पटींनीं वाढतें. सिंगल सुपर फॉस्फेटांत गंधक असतो, डीएपींत नसतो; आणि अलीकडे ओढा डीएपीकडे. माती तपासून घ्यावी व उणीव निघाल्यास जिप्सम अथवा सुपर फॉस्फेट द्यावें. सात-बाऱ्यावर पिकाचें नांव आम्ही जन्मभर लिहिलें. दाण्यांत काय उतरलें यास तेथें रकाना नाहीं.

घरच्यांसाठीं दोन शब्द. हें द्रव्य साधारण १२० अंशांपुढें बनतें, म्हणून उकडलेल्या व वाफविलेल्या पदार्थांत तें जवळजवळ नसतेंच. भाजणी मंद आंचेवर बदामी होईतों भाजावी व करपलेले दाणे दळणापूर्वीं निवडून टाकावे.