बॅट किती जड असावी?

शाळेच्या खेळसाहित्याच्या कपाटात सहसा दोनतीन बॅटी असतात आणि बहुधा त्या सगळ्या पूर्ण मापाच्या असतात. पाचवीतल्या मुलापासून दहावीतल्या मुलापर्यंत सर्वांनी त्यांनीच खेळायचे. घरीही फारसे वेगळे घडत नाही. 'आणखी चार वर्षे पुरेल' या हिशेबाने शर्ट जसा मोठा घेतात, तशीच बॅटही मोठी घेतली जाते. मोठ्या शर्टाच्या बाह्या दुमडता येतात, बॅट दुमडता येत नाही! मूल मग दांडा अगदी खाली धरते, चेंडू निघून गेल्यावर बॅट फिरवते आणि आपण शेरा मारून मोकळे होतो, 'याला क्रिकेट जमत नाही.' दोष मुलाचा की बॅटचा, हे ठरवायला शाळेतले पदार्थविज्ञान पुरेसे आहे.

क्रिकेटच्या नियमांनुसार बॅटची लांबी ९६.५ सें.मी.पेक्षा आणि रुंदी १०.८ सें.मी.पेक्षा जास्त असता कामा नये. २०१७ सालापासून जाडीवरही मर्यादा आली. पाते कोठेही ६.७ सें.मी.पेक्षा आणि कड ४ सें.मी.पेक्षा जाड चालत नाही. वजनावर मात्र कोणतेच बंधन नाही. ते खेळाडूने स्वतः ठरवायचे. सचिन तेंडुलकर जड बॅट वापरत असे हे खरे, पण डॉन ब्रॅडमन यांची बॅट तिच्याहून बरीच हलकी होती हेही तितकेच खरे.

जड बॅटने चेंडू जास्त लांब जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहू. स्थिर चेंडूवर बॅट आदळली, तर चेंडूला मिळणारा वेग दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक म्हणजे बॅटचा वेग. दुसरी म्हणजे बॅटचे वस्तुमान भागिले बॅट आणि चेंडू यांच्या वस्तुमानांची बेरीज, हा अपूर्णांक. चेंडू १६० ग्रॅमचा धरू. बॅट ८०० ग्रॅमची असेल तर हा अपूर्णांक ०.८३ येतो आणि ११०० ग्रॅमची असेल तर ०.८७. म्हणजे बॅटचे वजन सुमारे ३८ टक्क्यांनी वाढले, पण चेंडूचा वेग जेमतेम ५ टक्क्यांनी वाढला. टेनिसच्या सुमारे ५८ ग्रॅमच्या चेंडूसाठी हीच वाढ २ टक्क्यांहूनही कमी भरते. प्रत्यक्षात चेंडू समोरून येत असतो आणि बॅट हातांभोवती फिरत असते, त्यामुळे आकडे बदलतील, कल मात्र तोच राहील. जड बॅटमुळे मुलाचा हात थोडा जरी मंदावला, तरी हा फायदा हातचा जातो. शिवाय चेंडूपर्यंत बॅट वेळेवर पोहोचत नाही, तो तोटा वेगळाच.

पण तराजूवरचे वजन ही निम्मीच गोष्ट झाली. दुकानात सारख्याच वजनाच्या दोन बॅटी हातात घेतल्या, तर एक हलकी आणि दुसरी जड वाटते. हा भास नव्हे. वस्तू फिरवायला किती कठीण आहे हे तिच्या जडत्व परिबलावर ठरते आणि त्यात अंतराचा वर्ग येतो. वर्गात हा प्रयोग करता येईल. १०० ग्रॅम वाळूची घट्ट बांधलेली पिशवी बॅटच्या पात्याला हातांपासून ३० सें.मी. अंतरावर चिकटपट्टीने पक्की बांधा आणि बॅट सावकाश फिरवून पाहा. मग तीच पिशवी ६० सें.मी. अंतरावर बांधा. (समोर कोणी उभे नाही याची खात्री करावी.) एकूण वजन तेवढेच राहते, पण वाळूचा फिरण्याला होणारा विरोध चौपट होतो. म्हणून समान वजनाच्या व लांबीच्या दोन बॅटी बोटावर आडव्या तोलून पाहाव्यात. जिचा गुरुत्वमध्य दांड्याच्या जवळ आहे, ती उचलायला सोपी.

दुसरा प्रयोग याहून गमतीचा आहे. दांड्याचे वरचे टोक दोन बोटांच्या चिमटीत सैल धरून बॅट लोंबकळू द्या. दुसऱ्याने चेंडूने पात्यावर खालच्या टोकापासून वर वर हलके ठोके द्यावेत. बहुतेक ठिकाणी बोटांना कंप जाणवेल, पण टोकापासून साधारण १५ सें.मी.च्या आसपास तो जवळपास नाहीसा होईल. त्या जागी बॅटच्या मुख्य कंपनाचा निस्पंद बिंदू असतो. तेथे चेंडू लागला की ऊर्जा बॅटच्या थरथरण्यात फारशी वाया जात नाही आणि हातालाही झिणझिण्या येत नाहीत. खेळाडू ज्याला 'स्वीट स्पॉट' म्हणतात तो भाग हाच. पुढे सरसावून खेळणाऱ्यापेक्षा उसळत्या चेंडूवर खेळणाऱ्याला हा भाग थोडा वर असलेला सोयीचा पडतो.

बॅटीचे लाकूड विलोचे असते, कारण ते हलके असूनही ठोके सोसते. काश्मिरी विलो सहसा इंग्लिश विलोपेक्षा जड आणि घट्ट असतो, पण स्वस्त पडतो. शाळेतल्या खेळाला तो पुरेसा आहे. नवी बॅट लाकडी हातोडीने किंवा जुन्या चेंडूने हलके हलके ठोकून घ्यावी आणि पात्याला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. दांडा जेथे पात्यात बसवला आहे, त्या सांध्याला मात्र तेल लावू नये.

आता निवड कशी करावी? मुलाला बूट घालून सरळ उभे करा आणि बॅट पायाशेजारी उभी धरा. दांड्याचे टोक मांडीच्या वरच्या सांध्यापर्यंत यावे, कमरेच्या वर जाऊ नये. मग दांड्यावर वर राहणाऱ्या एकाच हाताने (उजव्या फलंदाजाच्या डाव्या हाताने) बॅट समोर आडवी धरायला सांगा आणि मनात दहा अंक मोजा. मनगट लटपटले किंवा पाते खाली झुकले, तर बॅट जड आहे. बॅटीवरची सही आणि चित्रे यानंतर पाहिली तरी चालतील.

शाळेच्या पुढील खरेदीत पूर्ण मापाच्या तीन बॅटींऐवजी तीन मापांच्या तीन बॅटी घेतल्या, तर खर्च फारसा वाढणार नाही, कदाचित कमीच होईल. आणि ज्याला 'जमत नाही' असे आपण ठरवून टाकले होते, त्याच्या हाती पाचव्या मापाची बॅट देऊन पुन्हा एकदा चेंडू टाकून पाहू.